फंडा क्लिअर आहे का?

आमच्या हॉस्टेलमध्ये पीएल सुरू झाली की दोन गोष्टींचा खप अचानक वाढतो. एक म्हणजे मॅगी आणि दुसरी म्हणजे 'फंडा'. मागच्या पीएलमध्ये मी एका संध्याकाळी सहज मोजलं. मेसच्या रांगेपासून रूमपर्यंत येईतो हा शब्द अकरा वेळा कानावर पडला! "अगं, मोहर्स सर्कलचा फंडा दे ना जरा." "तिचे फंडे एकदम क्लिअर आहेत." "त्या सरांचा फंडा वेगळाच असतो, डायग्राम काढली की मार्क." "रोज मेसमध्ये बटाटाच का, काय फंडा आहे?" आणि कॉमन रूममधल्या पेपरात त्याच दिवशी हेडिंग होतं, चोरट्यांच्या नव्या फंड्याबद्दल.

आता गंमत बघा. पहिल्या वाक्यात फंडा म्हणजे तत्त्व, दुसऱ्यात पाया, तिसऱ्यात पद्धत, चौथ्यात कारण आणि पेपरात चक्क युक्ती! एवढासा शब्द आणि एवढी कामं. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं, फंडामेंटलचा शॉर्टफॉर्म आहे, लॅबोरेटरीची लॅब होते तसा. मीही तेच म्हणत होते. पण सेकंड इयरच्या ओरलमध्ये या शब्दाने माझी जी विकेट घेतली, त्यानंतर मी त्याच्या मागेच लागले. त्याचीच ही गोष्ट.

झालं असं की स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्सची ओरल होती. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे इंग्रजीचा प्रॉब्लेम नाही. व्याख्या सगळ्या पाठ. एक्स्टर्नल सरांनी विचारलं, "स्ट्रेस म्हणजे काय?" मी एका दमात, अगदी सिस्टर एलोक्युशनला शिकवायच्या तशा उच्चारात सांगून टाकलं की एकक क्षेत्रफळावरचं बल. सर म्हणाले, "छान. आणि प्रेशर म्हणजे?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण प्रेशरची व्याख्याही तीच होती! युनिटसुद्धा तेच, पास्कल. मग दोन वेगळे शब्द कशाला? दोन वर्षं दोन्ही व्याख्या मला पाठ होत्या, पण हा प्रश्न एकदाही पडला नव्हता.

सर शांतपणे म्हणाले, "इंग्रजी चांगलं आहे तुझं, पण फंडामेंटल्स कच्चे आहेत. फंडामेंटल म्हणजे काय, माहीत आहे?"

"बेसिक, सर."

"आणि बेसिक म्हणजे?"

"...फंडामेंटल."

शेजारच्या इंटर्नल मॅडम हसल्या. सर मात्र हसले नाहीत. माझं जर्नल बंद करून त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "बघ, गोल गोल फिरते आहेस. जा, आणि या शब्दाचा अर्थ शोधून काढ. मार्कांसाठी नाही, स्वतःसाठी."

माझ्यानंतर माझी रूम पार्टनर आत गेली. ती दहावीपर्यंत मराठी मीडियमची, गाव लातूरजवळ, वडील गवंडीकाम करतात. बाहेर आली ती रडवेली होऊन. तिला सगळं येत होतं, पण इंग्रजीत सांगताना मध्येच शब्द अडला, ती गप्प झाली आणि सरांना वाटलं हिला येतच नाही. निकाल लागला तेव्हा माझे मार्क तिच्यापेक्षा चारने जास्त! तेव्हा मला विशेष काही वाटलं नव्हतं. आता वाटतं. का, ते शेवटी सांगते.

त्या रात्री तिनेच मला समजावलं. म्हणाली, "अगं, पाणी फक्त ढकलतं. टाकीच्या तळाशी बोट धर, सगळीकडून सारखंच ढकलेल. दोरीचं तसं नाही. भरलेला पोहरा विहिरीतून ओढताना दोरी आतल्या आत स्वतःला धरून ठेवते. तुला ती सरळ आडवी कापलेली बघायची का तिरकी, त्यावर तिथं आत काय चाललंय ते बदलतं. उगाच बिनबुडाचं पाठ करू नकोस."

बस्स! स्थिर पाण्यात एका बिंदूवर दाब सगळ्या दिशांना सारखा असतो आणि तो पृष्ठभागाला काटकोनात ढकलतो. स्ट्रेस पदार्थाच्या आत असतो, तो ओढतो, दाबतो, कातरतोही आणि तो किती, हे आपण कुठल्या प्रतलावर बघतो त्यावर ठरतं. म्हणून तर मोहर्स सर्कल काढावं लागतं! दोन वर्षं मी ते सर्कल नुसतं कंपासने काढत होते.

पण माझ्या डोक्यात अडकला तो तिचा दुसराच शब्द, 'बिनबुडाचं'. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत जाऊन मोठी डिक्शनरी उघडली आणि काय सांगू, फंडामेंटलच्या तळाशी तोच शब्द सापडला. बूड!

लॅटिनमध्ये 'फुंडुस' म्हणजे तळ, बूड. भांड्याचा तळ, समुद्राचा तळ, कशाचाही तळ. त्यावरून 'फुंडारे' म्हणजे तळ घालणं, पाया घालणं. आणि 'फुंडामेंटुम' म्हणजे घातलेला पाया, इमारतीचा पाया. त्याचं विशेषण फंडामेंटल. हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकात आला. म्हणजे मूळ अर्थ अगदी सिव्हिलवाल्यांचा आहे, बरं का! इतर ब्रँचवाल्यांनी तो नंतर उसना घेतला.

आणि हो, 'फंडामेंट' या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ आपण ज्यावर बसतो तो शरीराचा भाग असाही आहे. हसू नका! मराठीत तरी वेगळं काय आहे? भांड्यालाही बूड असतं आणि माणसालाही. "एका जागी बूड टेकवून अभ्यास कर" असं आजी म्हणते तेव्हा ती नकळत फंडामेंटल गोष्टच सांगत असते. इंग्रजीत ज्या आरोपाला पाया नाही त्याला 'अनफाउंडेड' म्हणतात, आपण 'बिनबुडाचा' म्हणतो. शब्द वेगळे, चित्र तेच. माझी रूम पार्टनर इंग्रजीला घाबरते, पण तिने मला रात्री जे सुनावलं ते शब्दशः लॅटिन होतं.

एकदा तळ सापडला की या घराण्यातली बाकीची मंडळी भराभर ओळखू येतात. 'फाउंड' म्हणजे स्थापन करणं, 'फाउंडेशन', कॉलेजच्या फाउंडर्स डेमधला 'फाउंडर' हे सगळे त्याच घरातले. 'प्रोफाउंड' म्हणजे गहन, तळापर्यंत गेलेला. जहाज बुडतं तेव्हा इंग्रजीत 'फाउंडर' असं क्रियापद वापरतात, कारण ते तळाला जातं. म्हणजे संस्था काढणारा तो फाउंडर आणि संस्था बुडवणं तेही फाउंडर! दोन्ही तळाशीच निगडित.

'फंड' म्हणजे निधी हाही यांचाच भाऊ. लॅटिन फुंडुसचा दुसरा अर्थ जमिनीचा तुकडा, शेत असा होता. फ्रेंचमध्ये तळ आणि भांडवल हे अर्थ एकत्र आले आणि सतराव्या शतकात इंग्रजीत फंड आला. माणसाच्या तळाशी काय, तर त्याची जमीन आणि गाठीला असलेला पैसा. आपल्या ऑफिसमधल्या काकांचा पीएफ आणि आपला फंडा असे एका गावचे निघाले.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी गेला असाल तर डोळ्यात थेंब घालून अर्धा तास बसवतात आणि मग 'फंडस' तपासतात. फंडस म्हणजे डोळ्याच्या आतला मागचा भाग, बाहुलीतून आत बघितलं की दिसणारा तळ. इथे तर लॅटिन शब्द जसाच्या तसा आहे.

पण सावधान! 'फ' दिसला की नातेवाईक समजू नका. मेकॅनिकलवाल्यांची 'फाउंड्री' या घरातली नाही. ती 'फुंडेरे' म्हणजे ओतणं या वेगळ्या क्रियापदावरून आली, कारण तिथे वितळलेला धातू साच्यात ओततात. 'फ्यूजन', 'डिफ्यूजन' हेही ओतण्याच्या घराण्यातले. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या हॉस्टेल डिपॉझिटचा 'रिफंड'. फंड परत मिळणं असा त्याचा अर्थ आहे असं मी समजत होते, पण मूळ अर्थ 'परत ओतणं' असा आहे. ते परत ओतलं जातं का, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या बाहेरचा आहे. असो.

आता मला वाटलं, झालं, लॅटिनपर्यंत पोचलो, संपलं. पण तळाच्या खाली अजून एक तळ होता. संस्कृतमध्ये 'बुध्न' असा शब्द आहे. अर्थ? तळ, पाया! वेदांत 'अहिर्बुध्न्य' नावाची देवता आहे, म्हणजे तळाशी राहणारा, खोल पाण्यातला सर्प. पंचांगात उत्तराभाद्रपदा नक्षत्राची देवता म्हणून त्याचं नाव आजही छापलेलं असतं. ग्रीकमध्ये तळाला 'पिथ्मेन' म्हणतात. इंग्रजीतला साधा 'बॉटम' हाही त्यांच्यातलाच. बुध्न, पिथ्मेन, फुंडुस, बॉटम ही चार सख्खी भावंडं, हजारो वर्षांपूर्वी वेगळी झालेली. आपला झाडाचा 'बुंधा' हाही याच कुळातला मानतात.

तुम्ही म्हणाल, जुळवायचं म्हटलं तर काहीही जुळवता येतं! मलाही तेच वाटलं. पण यात नियम आहेत, आपल्या सर्किटसारखेच. संस्कृतमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जिथे भ, तिथे लॅटिनमध्ये फ आणि इंग्रजीत ब. भ्राता, फ्रातेर, ब्रदर. 'भरति' म्हणजे वाहून नेतो, लॅटिन 'फेरो', इंग्रजी 'बेअर'. एकदा नाही, पुन्हा पुन्हा असंच.

मग बुध्नमध्ये भ का नाही, ब का? इथे खरी मजा आहे. संस्कृतमध्ये लागोपाठच्या दोन अक्षरांत दोन महाप्राण आले की पहिला आपला जोर सोडून देतो. 'भू'चं 'भभूव' होत नाही, 'बभूव' होतं. 'धा'चं 'धधाति' नाही, 'दधाति'. दहावीला मार्कांसाठी संस्कृत घेतलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी ही रूपं डोळे मिटून घोकलेली आहेत. (मीही. शंभर मार्कांचं संस्कृत घ्यायचं, शंभरच्या जवळ मार्क पाडायचे आणि विसरायचं!) तसंच मूळच्या 'भुध्न'चं 'बुध्न' झालं.

हा नियम १८६३ मध्ये मांडला तो हेरमान ग्रासमान या जर्मन माणसाने. नाव ओळखीचं वाटतंय? एम थ्रीमध्ये आपण जे व्हेक्टर्स घेऊन झटापट करतो, त्यांच्या गणिताचा पाया ज्यांनी घातला त्यांच्यातलाच हा एक. शाळेत शिकवायचा. १८४४ मध्ये त्याने त्यावर एक मोठं पुस्तक लिहिलं आणि ते जवळजवळ कुणी वाचलंच नाही. पुढे तो संस्कृतकडे वळला, ऋग्वेदाचा कोश केला आणि जर्मन भाषांतरही केलं. १८७७ मध्ये तो गेला तेव्हा गणितात त्याने काय करून ठेवलंय, हे फार थोड्यांना माहीत होतं. व्हेक्टर स्पेस आणि बुध्न या दोन्हींच्या तळाशी एकच माणूस! हे वाचलं तेव्हा मी लायब्ररीत जवळजवळ ओरडलेच.

आणि लॅटिनमध्ये ध-न चं न-ड कसं झालं? साधी अदलाबदल. 'फुध्न'सारखं म्हणताना जीभ अडखळते, म्हणून न आधी आला. हे फार शास्त्रीय वाटत असेल तर मेसच्या मावशींना विचारा. त्या 'नुकसान' म्हणत नाहीत, 'नुस्कान' म्हणतात. लहान मुलं 'चाकू'ला 'काचू' म्हणतात. तेच! रोमन लोकांनी ते केलं की भाषाशास्त्र, मावशींनी केलं की गावठी.

आता सरांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. बेसिक म्हणजे काय? तो शब्द मूळचा ग्रीक, 'बासिस'. त्याचा संबंध चालण्याशी आहे. बासिस म्हणजे पाऊल, आणि मग ज्यावर पाऊल ठेवून उभं राहायचं ती जागा. म्हणजे आपला 'पाया'च की! पायावरून पाया. म्हणजे फंडामेंटल आणि बेसिक एकच नाहीत. एक म्हणजे सगळ्यात खाली काय आहे, आणि दुसरं म्हणजे मी कशावर उभी आहे. ओरलला एवढं जरी सांगता आलं असतं!

मराठीत आपण मात्र आणखी एक तिसरंच चित्र वापरतो, झाडाचं. मूळ, मूलभूत, मूलतत्त्व, मुळाक्षरं, मूलद्रव्य. इंग्रजी शब्दाला तळ दिसतो, आपल्याला जमिनीखाली गेलेलं मूळ दिसतं. गणितातसुद्धा आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास वर्गमूळ काढायची रीत सांगितली ती 'मूल' हाच शब्द वापरून. राज्यघटनेच्या तिसऱ्या भागात, १२ ते ३५ या अनुच्छेदांत, जे हक्क आहेत त्यांना इंग्रजीत फंडामेंटल राइट्स म्हणतात आणि मराठीत मूलभूत हक्क. नीट बघितलं तर दोन्ही शब्दांत फरक आहे. पाया एकदा घातला की तो तिथेच स्थिर असतो. मुळाला मात्र रोज पाणी लागतं.

याच शब्दाला कधी कधी वेगळा वासही येतो. 'फंडामेंटलिस्ट' हा शब्द आपण बातम्यांत ऐकतो, तो कुठून आला? १९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत 'द फंडामेंटल्स' नावाच्या बारा पुस्तिका निघाल्या. नव्या विचारांपुढे ख्रिस्ती धर्माची मूळ तत्त्वं जपावीत, असं मानणाऱ्यांचे नव्वद लेख त्यांत होते. १९२० मध्ये कर्टिस ली लॉज या बाप्टिस्ट संपादकाने अशा लोकांना फंडामेंटलिस्ट म्हटलं, आणि ते कौतुकाने! तो शब्द शिवीसारखा नंतर झाला. पाया जपायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न तेव्हाही सोपा नव्हता.

स्टाफमधल्या वाचकांसाठी एक खास. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचे पगार, रजा, निवृत्ती यांचे नियम म्हणजे 'फंडामेंटल रूल्स'. ते १ जानेवारी १९२२ पासून लागू आहेत, अर्थात पुढे अनेकदा दुरुस्त होऊन. म्हणजे सरकारी ऑफिसात फंडामेंटल म्हणजे रजा किती शिल्लक, असाही अर्थ निघू शकतो!

आता आपल्या इंजिनिअरिंगकडे. 'फंडामेंटल फ्रीक्वेन्सी' मध्ये मूळ अर्थ अजून जिवंत आहे. तंबोऱ्याची एक तार छेडली की एकच स्वर निघत नाही. सगळ्यात खालची एक फ्रीक्वेन्सी असते, आणि तिच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या. समजा खालची शंभर हर्ट्झ असेल तर दोनशे, तीनशे, चारशे अशा वर चढत जातात. खालची ती फंडामेंटल, बाकी हार्मॉनिक्स. रामो या फ्रेंच संगीतकाराने १७२२ च्या ग्रंथात स्वरमेळाचा विचार अशाच तळाच्या स्वरावर उभा केला. बरोबर शंभर वर्षांनी, १८२२ मध्ये, फूरियेने उष्णतेवरच्या पुस्तकात अशा सायन-कोसायनच्या बेरजेने फंक्शन मांडायची रीत दिली. ज्या फूरिये सिरीजवर आपण परीक्षेच्या आदल्या रात्री रडतो, तीत पहिल्या टर्मला फंडामेंटल का म्हणतात? महत्त्वाची म्हणून नव्हे, तळाची म्हणून.

आणि पाया म्हणजे कधीच न हलणारी गोष्ट, असंही नाही. अकरावीत आपण सात फंडामेंटल युनिट्स पाठ केली, मीटर, किलोग्रॅम, सेकंद वगैरे. त्यातला किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा होता. २० मे २०१९ पासून तो ठोकळा निवृत्त झाला आणि किलोग्रॅम प्लँक स्थिरांकावर उभा राहिला. वरच्या इमारतीला धक्का न लावता खालचा पाया उकरून नवा घातला! सिव्हिलवाल्यांना विचारा, हे किती कठीण काम आहे ते.

सिव्हिलवरून आठवलं. दिवाळीच्या सुट्टीत मी रूम पार्टनरच्या गावी गेले होते. तिचे वडील एका घराच्या कामावर होते. आमच्या समोर पायाचा खड्डा खणणं चालू होतं. तिकडची जमीन काळी, कापसाची. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावरच पाया घातला तर दोन-तीन वर्षांत भिंतीला तडे. मी विचारलं, "काका, किती खोल खणायचं?" मला वाटलं फुटांत उत्तर येईल. ते म्हणाले, "मुरूम लागेपर्यंत."

मग त्यांनी पहार हातात दिली. काळ्या मातीत ती भसकन जात होती. खाली एका जागी खण्ण असा आवाज आला आणि हाताला झिणझिण्या आल्या. काका म्हणाले, "लागला. आता वर काय बांधायचं ते बांधा." पुस्तकात बेअरिंग कपॅसिटीची व्याख्या मला पाठ होती. हाताला ती त्या दिवशी पहिल्यांदा लागली.

तेव्हापासून माझ्यासाठी फंडामेंटलची व्याख्या हीच आहे, मुरूम लागेपर्यंत. स्ट्रेस म्हणजे काय? एकक क्षेत्रफळावरचं बल. ही काळी माती. कुठल्या क्षेत्रफळावरचं? कुणी लावलेलं बल? आतलं की बाहेरचं? 'म्हणजे काय' असं विचारत गेलं आणि खाली कुठे तरी खण्ण वाजलं की समजायचं, लागला. माझ्या बाबतीत फाडफाड इंग्रजी ही वरची काळी माती होती. दिसायला सुपीक, पण भार घ्यायला निरुपयोगी. त्यामुळे मला स्वतःलाही कळलं नाही की खाली काही नाहीये.

आणि म्हणूनच ते चार मार्क मला अजून टोचतात. ओरलमध्ये माझी पहार घातलीच गेली नाही असं नाही, सरांनी घातली, आणि ती भसकन आत गेली. तरी मार्क मलाच जास्त. तिचा मुरूम दोन फुटांवर होता, पण वरचा शब्द अडला म्हणून तिथपर्यंत कुणी खणलंच नाही. यात सरांना दोष देत नाही. दहा मिनिटांत साठ मुलं कशी खणणार? पण आपण एकमेकींना तर खणू शकतो ना? "समजलं का?" असं विचारून "हो" ऐकण्याऐवजी "म्हणजे काय, तुझ्या शब्दांत सांग" एवढं तर विचारू शकतो.

आम्ही दोघींनी या सेमपासून एक ठरवलंय. रोज रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास. एका टॉपिकवर मी मराठीत समजावायचं आणि तिने इंग्रजीत. मराठीत समजावताना माझी भंबेरी उडते, कारण पाठ केलेलं वाक्य वापरता येत नाही. तिची इंग्रजीत उडते, पण आता ती थांबत नाही, अडली तर हाताने दाखवते. परवाच्या मॉकमध्ये तिने बेंडिंग मोमेंट समजावताना माझी पट्टी वाकवून दाखवली आणि मोडली. बारा रुपये नुकसान. नुस्कान म्हणा हवं तर!

आता शेवटी, पेपरातल्या त्या चोरट्यांकडे. जो शब्द बुध्नापासून निघाला, समुद्राचा तळ, इमारतीचा पाया, माणसाचे हक्क असं करत इथवर आला, तो आपल्याकडे 'युक्ती' कसा झाला? मला वाटतं, याला आपणच जबाबदार आहोत. पीएलमध्ये आपण "फंडा दे" म्हणतो तेव्हा आपल्याला पाया नको असतो, पाया न घालता स्लॅब टाकायची युक्ती हवी असते. शब्द बिचारा आपल्या मागून आला. मराठीने त्याला आपलं केलं, 'घोडा-घोडे' सारखं 'फंडा-फंडे' केलं, 'फंड्याने', 'फंड्यावर' अशा विभक्ती लावल्या. घरचाच झाला तो! फक्त घरात आणताना त्याचं बूड बाहेर राहिलं.

तर मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी कुणी विचारलं, "काय, फंडा क्लिअर आहे का?" तर लगेच हो म्हणू नका. आधी एकदा पहार घालून बघा. आवाज कसा येतोय ते तुमचं तुम्हालाच कळेल.

(ता. क. : डिपॉझिट अजून परत ओतलेलं नाही.)